वाफसा बघायची टेस्ट आणि आमची चुकलेली मोजणी: एका केसची पूर्ण हकीकत

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरला कोऑर्डिनेटर सिस्टर आहे, अकरा वर्षं झाली. पेशंटच्या तारखा, औषधं, फोन, रडणं, सगळं आधी माझ्याकडे येतं. ही केस आमच्याच सेंटरची आहे, गर्भ ठेवायला गर्भाशयाचं अस्तर कधी तयार असतं ते बघायच्या टेस्टची. नवरा-बायको दोघांना विचारून लिहितेय, नावं आणि ओळख पटेल अशा गोष्टी काढल्यात. मी तिला ताई म्हणायचे आणि त्यांना दादा, तेच इथे ठेवते.

पार्श्वभूमी

ताई तेव्हा ३३ वर्षांच्या, लग्नाला आठ वर्षं. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, घरची थोडी शेती, दादा एसटीत वाहतूक नियंत्रक. एचएसजी (नळ्यांचा एक्स-रे) केली तर दोन्ही नळ्या बंद, म्हणून आयव्हीएफ. बाकी रिपोर्ट तसे चांगले होते, एएमएच (अंड्यांच्या साठ्याची टेस्ट) २.४, पाळी दर २९ दिवसांनी, दादांचा रिपोर्ट नॉर्मल. २०२१ च्या दिवाळीच्या आधी एग पिकअप झालं, १४ एग्ज निघाली, त्यातून पाचव्या दिवसाचे ५ ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भ, तयार झाले आणि सगळे फ्रीझ केले.

आणि लगेच एसटीचा संप सुरू झाला. ज्यांच्या घरात एसटीचा पगार येतो त्यांना वेगळं सांगायला नको ते सहा महिने कसे गेले. पगार बंद, गाड्या बंद, ताई आणि दादा वडापने सांगलीला आणि तिथून पुढे आमच्याकडे यायचे. पहिला ट्रान्स्फर (एम्ब्रिओ म्हणजे गर्भ गर्भाशयात ठेवणं) जानेवारी २०२२ मध्ये केला, तो ताईंचं गंठण गहाण ठेवून. दोन एम्ब्रिओ ठेवले. बारा दिवसांनी बीटा (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) निगेटिव्ह.

दुसरा मे मध्ये, संप मिटून पगार सुरू झाल्यावर, एक एम्ब्रिओ. तोही निगेटिव्ह. गर्भाशयाचं अस्तर दोन्ही वेळा ८ मिलिमीटरच्या वर, सोनोग्राफीत ट्रिपल लाइन (अस्तर चांगलं वाढल्याची तीन रेषांची खूण) छान दिसत होती, ट्रान्स्फर एकदम सोपा झाला होता. म्हणजे कागदावर बोट ठेवायला जागाच नाही. अशा वेळी पेशंटला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण कुठलंच कारण हातात नसतं आणि मग ती स्वतःतच कारण शोधते. ताईंनी मला विचारलं होतं, "सिस्टर, मी त्या दिवशी जिना चढले म्हणून झालं असंल का हो?" नाही ओ ताई, जिन्याने काही होत नाही, हे मी त्यांना चार वेळा तरी सांगितलं असेल.

अडचण

आता दोन एम्ब्रिओ उरले होते आणि प्रश्न होता की पुढचा ठेवायच्या आधी अस्तर खरंच तयार असतं का ते बघायचं का.

मॅडमनी (आमच्या मुख्य डॉक्टर) दोघांना फार चांगलं समजावलं होतं. म्हणाल्या, जमिनीत नुसतं पाणी असून पेरणी होत नाही, वाफसा यावा लागतो, आणि वाफसा काही दिवसच टिकतो. गर्भाशयाच्या अस्तराचं तसंच असतं. ओव्ह्युलेशननंतर (अंडं बाहेर पडल्यावर) साधारण ६ ते १० दिवस या काळातच ते गर्भाला चिकटू देतं, आधी नाही आणि नंतरही नाही. फ्रोझन ट्रान्स्फरमध्ये आपण गोळ्यांनी अस्तर वाढवतो आणि प्रोजेस्टेरॉन (अस्तर गर्भासाठी तयार करणारं हार्मोन) सुरू केलं की तिथून घड्याळ चालू होतं. पाचव्या दिवसाचा एम्ब्रिओ असेल तर प्रोजेस्टेरॉनचे साधारण १२० तास भरल्यावर ठेवायचा. ईआरए म्हणजे हा वाफसा बघायची टेस्ट, ती करणाऱ्यांचं म्हणणं असं की काही बायकांचा वाफसा १२० तासांना येत नाही, थोडा आधी किंवा नंतर येतो, आणि तो अस्तराच्या तुकड्यातली जीन्स बघून कळतो.

ही टेस्ट स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या ग्रुपने काढली, २०११ मध्ये त्यांचा पेपर आला, २३८ जीन्सची. त्याच्या आधी अस्तराचं वय मायक्रोस्कोपखाली बघून ठरवायचे, ती पद्धत १९५० सालची, आणि पन्नासेक वर्षं वापरल्यावर २००४ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात निघालं की मूल होणाऱ्या आणि न होणाऱ्या बायकांमधला फरक त्यातून कळतच नाही. त्यामुळे जीन्सची टेस्ट आली तेव्हा सगळ्यांना वाटलं आता नेमकं काहीतरी मिळालं. मलाही वाटलं. मी स्वतः कितीतरी पेशंटना हे उत्साहाने सांगितलंय.

टेस्टसाठी एक पूर्ण महिना खोटी सायकल करावी लागते, म्हणजे औषधं सगळी तीच, फक्त ट्रान्स्फरच्या वेळी ट्रान्स्फर न करता बारीक नळीने अस्तराचा तुकडा काढायचा. दोन मिनिटं जोरात कळ येते. खर्च तेव्हा औषधं धरून साठ हजाराच्या आसपास झाला. ताई-दादांनी हो म्हटलं. गंठण अजून सोडवलेलं नव्हतं.

तो मंगळवार

इथे जरा थांबून लिहिते कारण सगळी केस इथेच फिरली.

तुकडा काढायची बायोप्सी शनिवारी सकाळी ११ ला ठरली होती. म्हणजे १२० तास मागे मोजले तर प्रोजेस्टेरॉन सोमवारी सकाळी ११ ला सुरू व्हायला पाहिजे, आणि मॅडमनी फाइलवर तसंच लिहिलं होतं. पण सोमवारी ताईंच्या गावातल्या मेडिकलमध्ये त्या व्हजायनल कॅप्सूल मिळाल्याच नाहीत. दुकानदाराने सांगलीहून मागवल्या, त्या मंगळवारी सकाळी आल्या. ताईंचा मला फोन. ओपीडी भरलेली, समोर दोन पेशंट उभे, दुसऱ्या लाइनवर लॅब. मी बोटांवर मोजलं, मंगळ बुध गुरु शुक्र शनि, पाच दिवस होतायत. म्हटलं, "चालेल ताई, आत्ताच सुरू करा, शनिवारी या."

पाच दिवस झाले, पण तास झाले ९६. रविवारी आमची ओटी (ऑपरेशन थिएटर) बंद असते म्हणून माझ्या डोक्यात शनिवारच पक्का होता, हेही खरं. आणि लॅबच्या फॉर्मवर सुरुवात म्हणून फाइलमधला सोमवारच उतरला. तो फॉर्मही मीच भरला.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला: प्री-रिसेप्टिव्ह, म्हणजे अस्तर अजून तयार नाही, आणखी २४ तास द्या, १४४ तासांनी ट्रान्स्फर करा.

मी इतकी खूश झाले होते! ताईंना फोन करून सांगितलं की कारण सापडलं, तुमचा वाफसा एक दिवस उशिरा येतो. ताई फोनवर रडल्या. दोन वेळा फेल झाल्यावर पहिल्यांदा कुणीतरी त्यांना कारण दिलं होतं, आणि ते जिना नव्हतं.

ऑगस्ट २०२२ ला तिसरा ट्रान्स्फर, यावेळी औषध वेळेत होतं, घड्याळ लावून बरोबर १४४ तासांनी केला. एक एम्ब्रिओ. बीटा निगेटिव्ह.

दादांची डायरी

यानंतर चार महिने दोघं आले नाहीत, फोनही नाही. जानेवारी २०२३ मध्ये आले. दादांच्या हातात छोटी डायरी होती. डेपोत गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायची ज्यांना सवय असते ना, त्यांनी बायकोची औषधंपण तशीच लिहिलेली, तारीख, वार, वेळ मिनिटासकट. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, "तिन्ही वेळा आमच्याकडून काही चुकलं का ते बघा." माझ्याशेजारी बसून ते एकेक पान वाचत होते आणि मी फाइलशी टॅली करत होते. "मंगळवार, सकाळी १०.५०, कॅप्सूल सुरू."

फाइलमध्ये सोमवार.

मी दोनदा वाचलं. मग त्यांना म्हटलं जरा चहा घेऊन या, आणि डायरी घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडमनी कागदावर तास मोजले. आमच्या दोघींच्या लक्षात आलं की ९६ तासांना तुकडा काढला तर 'अजून तयार नाही, २४ तास द्या' हेच उत्तर यायला पाहिजे. ९६ आणि २४, १२०. म्हणजे टेस्टने सांगितलं ते कदाचित बरोबरच सांगितलं होतं, ताईंचा वाफसा सगळ्यांसारखा १२० लाच होता, आणि आम्ही तिसरा एम्ब्रिओ एक दिवस उशिरा ठेवला.

पहिला निर्णय हाच होता की सांगायचं का. मी काही बोलायच्या आधीच मॅडम म्हणाल्या, "आत्ता सांगायचं. दोघांना बोलव. आणि तू सांगणार नाहीस, मी सांगणार, सेंटर माझं आहे." मी तरी बसले तिथे. मीच फोनवर शनिवार म्हटलं होतं हेही मी सांगितलं. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. ताई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यात दोष नव्हता?" रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मॅडमनी तिसऱ्या ट्रान्स्फरचे आणि टेस्टचे पैसे परत केले, पुढच्या सायकलचे घेणार नाही म्हणाल्या. पण हेही स्पष्ट सांगितलं की १२० ला ठेवला असता तर राहिलाच असता असं म्हणता येणार नाही, कारण पहिले दोन ट्रान्स्फर बरोबर १२० लाच होते आणि तेही फेल गेले. ब्लास्टोसिस्ट दिसायला चांगला असला तरी त्याचे क्रोमोसोम बरोबर असतीलच असं नाही, आणि आपण ते तपासलेले नव्हते.

समोरचे पर्याय

आता एकच एम्ब्रिओ उरला होता. ताई म्हणाल्या, आता घाई नको, सगळं समोर मांडा.

पहिला पर्याय, ईआरए परत नीट करायची. दादांचा कल तिकडे होता, मोजणी चुकली तर मोजणी परत करायची, सरळ हिशोब. पण डिसेंबर २०२२ मध्येच अमेरिकेतला मोठा अभ्यास जामा या मेडिकल जर्नलमध्ये आला होता, ७६७ बायकांचा. सगळ्यांचे क्रोमोसोम तपासलेले चांगले एम्ब्रिओ, अर्ध्यांना टेस्टप्रमाणे वेळ बदलून ठेवले आणि अर्ध्यांना नेहमीच्या वेळेला. मूल हातात येण्याचं प्रमाण टेस्टवाल्यांमध्ये ५८.५ टक्के आणि नेहमीच्या वेळेवाल्यांमध्ये ६१.९ टक्के, म्हणजे टेस्टने फायदा काहीच दिसला नाही. मॅडमनी हे आकडे दादांना कागदावर लिहून दाखवले. (पुढे २०२३ मध्ये ईएसएचआरई या युरोपच्या संस्थेनेही या टेस्ट करू नयेत असंच सांगितलं.) दादा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत होते, मग म्हणाले, "मग आम्ही साठ हजार कशाला घातले?" याला उत्तर हेच होतं की तेव्हा आम्हालाही ती टेस्ट उपयोगी वाटत होती.

दुसरा पर्याय नॅचरल सायकलचा. ताईंची पाळी नियमित, मग गोळ्या कशाला, स्वतःचं ओव्ह्युलेशन होऊ द्या, शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवेल. हा खरंच चांगला पर्याय आहे, पुढे गरोदरपणात बीपी वाढायचा धोकापण त्यात कमी असतो. पण त्यासाठी दर एक-दोन दिवसांनी सोनोग्राफी, येऊन-जाऊन सहा तासांचा प्रवास, आणि ओव्ह्युलेशन रविवारी झालं तर परत ओटीचा प्रश्न. ताईंनीच नको म्हटलं.

तिसरं, अस्तरात काही आजार आहे का ते दुर्बिणीने बघणं. हे खरं तर आम्ही पहिल्या फेलनंतरच करायला हवं होतं असं मला वाटतं. आपल्याकडे दोन्ही नळ्या बंद म्हटलं की टीबी डोक्यात आलाच पाहिजे, गर्भाशयाचा टीबी गुपचूप असतो, ना खोकला ना ताप. फक्त यात उलटी चूकपण खूप होते, नुसता पीसीआर (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आला की सहा महिने टीबीच्या गोळ्या चालू, असे किती पेशंट माझ्याकडे येतात. मॅडम एकट्या पीसीआरवर गोळ्या कधीच देत नाहीत.

चौथं घरातून आलं, सासूबाईंनी सरोगसीचं विचारलं. २०२१ च्या कायद्यानंतर त्याला तसं वैद्यकीय कारण आणि बोर्डाचं सर्टिफिकेट लागतं, आणि ताईंचं गर्भाशय चांगलं होतं. तो विषय तिथेच संपला.

काय केलं

हिस्टेरोस्कोपी केली. पोकळी स्वच्छ, पॉलिप नाही, चिकटलेलं काही नाही. तुकडा तीन ठिकाणी गेला, हिस्टोपॅथॉलॉजी, जुनी सूज बघायला सीडी१३८, आणि टीबीसाठी जीनएक्स्पर्ट व कल्चर (जंतू वाढवून बघणं). कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे लागतात. ते सहा आठवडे ताईंना फार जड गेले, दर सोमवारी फोन यायचा. मी दर वेळी उचलला. सगळं निगेटिव्ह आलं.

मग ठरलं, गोळ्यांची सायकल, नेहमीचे १२० तास, पण यावेळी एक गोष्ट बघायची जी आधी तिन्ही वेळा बघितलीच नव्हती: रक्तातलं प्रोजेस्टेरॉन. गोळ्यांच्या सायकलमध्ये ओव्ह्युलेशन होत नाही, म्हणजे शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळजवळ शून्य, सगळी मदार त्या कॅप्सूलवर. आणि कॅप्सूल प्रत्येकीला सारखी लागू पडत नाही. स्पेनमधल्याच डॉक्टरांनी दाखवलं होतं की ट्रान्स्फरच्या वेळी लेव्हल साधारण ९ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर निकाल खाली येतात, आणि इंजेक्शनने भर घातली तर ती तूट भरून निघते. सहा-सातशे रुपयांची टेस्ट! मला याची अजून हळहळ वाटते, साठ हजारांची जीन्सची टेस्ट केली आणि ही नाही केली.

मे २०२३. एस्ट्राडिओल (अस्तर वाढवायची गोळी) २ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, चौदाव्या दिवशी अस्तर ८.४ मिलिमीटर, ट्रिपल लाइन. यावेळी औषध मी आठवडाभर आधी सेंटरमधूनच दिलं, गावच्या मेडिकलवर ठेवलं नाही. रविवारी दुपारी १२ ला पहिली कॅप्सूल, मी फोनवर होते, दादांनी डायरीत लिहिलं आणि फोटो पाठवला. गुरुवारी सकाळी सांगलीत रक्त दिलं. रिपोर्ट ७.४.

कमी होतं. आता इथे परत निर्णय, सायकल कॅन्सल करायची की भर घालून पुढे जायचं. कॅन्सल केलं असतं तर अजून दीड-दोन महिने, आणि पुढच्या वेळी लेव्हल परत कमीच येणार नाही याची खात्री काय. मॅडमनी रोज २५ मिलिग्रॅमचं त्वचेखाली घ्यायचं प्रोजेस्टेरॉन इंजेक्शन त्याच संध्याकाळपासून सुरू केलं, कॅप्सूल चालूच ठेवल्या. ताई म्हणाल्या, "एकच हाय, पण ठेवू." शुक्रवारी सकाळी ११ ला, ११९ तासांनी, शेवटचा एम्ब्रिओ ठेवला.

पुढे काय झालं

बाराव्या दिवशी बीटा ४१२. मी आकडा वाचला आणि मला फोन लावायला पाच मिनिटं लागली. अडीच आठवड्यांनी ठोके दिसले. आठव्या महिन्यापासून बीपी थोडं वाढलं, गोळी सुरू करावी लागली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ३७ आठवड्यांना सिझेरियन झालं. मुलगी, २.६ किलो.

आता हे कशामुळे झालं? तासांमुळे, इंजेक्शनमुळे, की हा एम्ब्रिओच आधीच्यांपेक्षा चांगला होता? एका केसवरून कुणीच सांगू शकत नाही. मला इंजेक्शन वाटतं, मॅडमना एम्ब्रिओ वाटतो.

वेगळं काय करता आलं असतं

दोन ट्रान्स्फर फेल म्हणजे अस्तराची वेळ चुकली, ही उडी आम्ही फार लवकर मारली. दोन वेळा न राहणं हे तीसच्या आत-बाहेरच्या बाईतही बऱ्यापैकी होतं, क्रोमोसोम न तपासलेल्या एम्ब्रिओत तर होतंच. दुसऱ्या फेलनंतर दुर्बीण आणि प्रोजेस्टेरॉन लेव्हल एवढं करून साध्या वेळेला ठेवायला हवं होतं. पेशंट दुखात असला की त्याला कारण हवं असतं, आणि आपल्यालाही त्याला काहीतरी द्यायचं असतं, त्या ओढीत आम्ही टेस्ट दिली. ताईंना 'कारण सापडलं' असं फोनवर मी म्हणायलाच नको होतं, फक्त रिपोर्ट वाचून दाखवायचा होता.

आणि रिपोर्ट आल्यावर प्रोजेस्टेरॉनच्या वेळा पेशंटकडून परत विचारून घ्यायच्या, हे कुणीच केलं नाही. दादांची डायरी तेव्हाही होती, दर वेळी त्यांच्या पिशवीत असायची. आम्ही विचारलंच नाही.

आता आमच्याकडे प्रोजेस्टेरॉनचा वेगळा फॉर्म आहे. त्यात 'कितवा दिवस' हा रकानाच काढून टाकलाय, फक्त सुरुवातीची तारीख-वेळ, प्रक्रियेची तारीख-वेळ आणि मधले तास, आणि तास दोघींनी वेगवेगळे मोजून सही करायची. पहिली कॅप्सूल घेतली की पेशंटने स्ट्रिपचा फोटो पाठवायचा. फोनवर कुणी तारीख बदलायला सांगितली तर मी आता हो म्हणत नाही, म्हणते थांबा, कागद घेते.